सैल टोपण

"तीन चहा. त्यातला एक बिनसाखरेचा!" गॅरेजमधून हिम्मतरावांनी आवाज दिला.

मालनबाईंनी पातेलं ओट्यावर आपटलं. "तिसरा कुणाला?"

"मलाच दोन लागणार आज. डोकं चढलंय."

डोकं चढायचंच. पद्मावतीचा पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक पुन्हा अंगणात येऊन उभा होता. ही बाई जामबागेत खानावळ चालवी आणि दिलसुखनगरच्या क्लासवाल्या पोरांना डबे पोचवी. ट्रक स्वतःच हाकी. कानात सात खड्यांची फुलं, वेणीत गजरा. दर गुरुवारी दुपारी तिच्या टाकीला वास सुटे, स्टिअरिंगसमोरचा इंजिन-बिघाडाचा पिवळा दिवा लागे आणि ती हजर. दुसऱ्या वारी नाही, गुरुवारीच.

"परेशान केलंय हो या गाडीनं," ती म्हणे. आणि लगेच विचारी, "वहिनी घरात आहेत ना?"

बायको घरात आहे की नाही याची हिला कशाला पंचाईत? मालनबाई मनात म्हणत.

हिम्मतरावांकडे दर खेपेला नवं कारण तयार. "राज्याची वाटणी चाललीय, आज बंद, उद्या बंद. ही बाई धास्तीनं टाकी गळ्यापर्यंत भरते. वाफ जायच्या वाटेनं पेट्रोलच जातं, वाफ शोषणारा कोळशाचा डबा भिजतो." डबा बदलला. मग नळी बदलली. मग व्हॉल्व्ह, मग टाकीचं टोपण. वास मात्र गुरुवारी परत हजर. आणि ज्या माणसाच्या हातून काम कधी परत आलं नाही, तो कपाळाला आठीसुद्धा न घालता म्हणे, "हौ, बघू या."

मागच्या गुरुवारी मालनबाई बहिणीकडे विद्यानगरला गेल्या होत्या. शेजारच्या इंदुताईंनी सांगितलं, "ट्रक आला, फाटकातूनच वळला गं." म्हणजे लोकांच्या नजरेची भीती आहे तर! बायको घरात असली की सगळं कसं सोज्वळ दिसतं.

ह्या माणसासाठी मालनबाईंनी माहेर सोडलं होतं. वडील, दत्तोबा, जामबागेतले नावाजलेले कीर्तनकार. लेकीला लहानपणापासून टाळ देऊन मागं उभं केलेलं, पुढं गादी तिच्याच हवाली करायची. तिनं हिम्मतरावांचे काळे हात धरले. "तुझ्या अंगणात पाय टेकवणार नाही," एवढंच दत्तोबा बोलले, आणि ते बोलले की बोलले. त्या दिवसापासून मालनबाईंचं गाणं स्वयंपाकघरापुरतं उरलं. गुरुवारचा उपास, वरई निवडता निवडता एखादा अभंग. तेवढंच. आता नवराही हातचा गेला तर मागं उरायचं काय?

आज त्या गायल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून चहा गाळला, एकात साखर घातली नाही. बिनसाखरेचा पिते, हेसुद्धा ह्यांना ठाऊक!

खिडकीतून पद्मावतीचा दबका आवाज आला. "आज काही लक्षण नाही?"

"थांबा जरा. होईल."

मालनबाईंनी तिन्ही कप गॅरेजमधल्या बाकावर नेऊन आदळले.

थोड्या वेळानं हिम्मतराव सामान आणायला नाक्यावर गेले. पद्मावती फाटकाशी फोनवर बोलत उभी राहिली. मालनबाईंनी पदर खोचला. इतकी वर्षं हिम्मतरावांच्या हाताखाली पाने दिले होते, गळती कशी शोधतात ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इंजिनाकडची बारीक नळी काढून तिला पायपंप लावला, डब्याचं मोकळं तोंड बोळा घालून बंद केलं. हवा अगदी हलकी, फुंकरीएवढी. मग हवा निसटेल तिथं बुडबुडे दिसावेत म्हणून साबणाचा फेस घेऊन त्या पोत्यावर आडव्या झाल्या आणि गाडीखाली सरकल्या.

हात कामाला लागले की गळा गप्प बसत नसे. नकळत अभंग सुरू झाला. वरची सीट करकरली, गाडी किंचित हलली. जुन्या स्प्रिंगा, दुसरं काय. समोरची काच उघड्या बोनेटआड होती, डाव्या खिडकीला उन्हासाठी म्हणून नेहमीचा टॉवेल लटकत होता.

पहिला सांधा कोरडा. दुसरा कोरडा. डबा, व्हॉल्व्ह, कुठंही बुडबुडा नाही. त्या बाहेर आल्या, गुणगुणतच टाकीच्या टोपणावर फेस फासला.

फेस भराभरा उकळला.

टोपण पिळलं तर चांगला एक वेढा आत गेलं. बुडबुडे बसले. गाणं मधेच थांबलं. नवंकोरं टोपण, दर आठवड्याला, गुरुवारीच, आपोआप सैल होत नाही.

हिम्मतराव फाटकातून आत येत होते. मालनबाई हातात पाना घेऊन उभ्या राहिल्या.

"कळली गळती! बाई, टोपण तुम्हीच सैल करून आणता. आणि अहो, तुम्ही पहिल्या दिवसापासून जाणून आहात!"

पद्मावतीनं मान खाली घातली. हिम्मतराव म्हणाले, "मालन, हळू बोल."

"का हळू? जामबागेत ऐकू जाईल म्हणून? ह्या बाईला माझ्या घरातून नेमकं काय न्यायचंय?"

हिम्मतरावांनी बाकावरचा बिनसाखरेचा कप उचलला, ट्रकच्या डाव्या बाजूला गेले आणि टॉवेल बाजूला केला.

सीटवर मांडी घालून एक म्हातारा बसला होता. मांडीवर टाळ. चहा घ्यायला हात पुढं केला तरी नजर त्यानं समोरच ठेवली.

"पाय अजून गाडीतच आहेत आमचे, मालू. मधेच काय थांबलीस, पुढचं कडवं घे."