परत आलेल्या पिशव्या

चाळीस वर्षांत शिंपीणआजींचं काम कुणी परत केलं नव्हतं. आज मात्र जंगल राखणाऱ्या गटातली पोरगी, पोरक्या पिल्लांना ऊब मिळावी म्हणून शिवलेल्या दहाच्या दहा पिशव्या घेऊन दारात उभी! आजींचा पारा चढला.

"कापड मऊ घेतलं, धाग्यात नखं अडकू नयेत म्हणून शिवण बाहेरून घेतली. आता काय सोन्याची झालर लावू?"

"पिशव्या झकास आहेत, आजी. पण महिनाभर आम्ही आळीपाळीने पहारा दिला. शिकारी आत शिरलेच नाहीत. एकाही पिल्लाची आई गेली नाही."

आजींनी गठ्ठा ओढून घेतला आणि उगाचच चष्मा पुसला.

"पुढच्या महिन्यातही शिवीन," त्या गुरकावल्या, "पण त्याही अशाच परत आणल्या नाहीस, तर तुला दारात उभी करणार नाही!"