करवतीचं दुसरं टोक

दुकानदाराने चेनसॉची दोन मशीनं काउंटरवर मांडली, तसं विश्रामने मोठ्याकडे बोट दाखवलं. परसात आडव्या झालेल्या फणसाचं सरपण करायचं होतं, आणि नवरा-बायकोने मिळून ओढायच्या जुन्या करवतीला ते खोड दाद देत नव्हतं.

"उचलून तरी बघा, काका."

"बघायचंय काय त्यात?" विश्रामने उजवा हात खिशातून काढला नाही.

बायकोने पुढे होऊन लहान मशीन उचललं, वजन अजमावलं. "हेच द्या. चालवणार मी."

बाहेर आल्यावर तो करवादला, "मी मेलो होतो काय?"

"करवतीचं दुसरं टोक माझ्याच हातात असतं ना," ती म्हणाली. "दिवाळीपासून तुमचा हात थरथरतोय. पात्यातून कळतं मला."

खिशातला हात काढून विश्रामने तिच्या हातातल्या खोक्याची दुसरी बाजू धरली.