अर्धं बिस्कीट

“ही कोण?” विमा कंपनीच्या वकिलाने तिच्याकडे बोट दाखवून तिच्या नवऱ्याला विचारलं.

उत्तर यायला वेळ होता. तोवर, सकाळ.

ओट्याशेजारच्या स्टुलावर तो बसलेला. समोर ती. ट्रकने त्याला उडवल्यापासून रोजचा हाच खेळ, दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलेला.

“हे काय?”

“चमचा.”

“हे?”

“किल्ली.”

“शाब्बास.” मग तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “आणि मी?”

तो आयुष्यभर खिडक्यांना काचा बसवलेला माणूस. काचेतून पलीकडचं बघावं तसा तिच्याकडे बघत राहिला.

“अहो, बायको! म्हणा, ही माझी बायको.”

तो नुसता हसला. तरी तिने बिस्कीट दिलं. त्याने अर्धं खाल्लं, अर्धं खिशात टाकलं.

“तिला,” म्हणाला.

खिडकीखाली एक मांजरी यायची. तिला द्यायचं मात्र तो रोज विसरायचा. कपडे धुताना खिशात चुराच सापडायचा.

“मजा आहे बुवा तिची,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कधी अर्धं ठेवलं नाहीत ते!”

नंतर, सुनावणीच्या खोलीबाहेरचं बाकडं. त्यांच्या वकीलबाई हळू आवाजात बोलत होत्या.

“कंपनीचं म्हणणं, डोकं शाबूत आहे, हे सोंग आहे. सांभाळायला कायम माणूस लागतं हे पटलं, तर विम्याचा महिन्याचा लाभ जन्मभर चालू. नाही पटलं, तर तुम्ही कामावर जाणार. मग ह्यांना कोण बघणार?”

कोणी नव्हतं. मागच्याच आठवड्यात ती शेजारी जाऊन येईपर्यंत त्याने गॅस उघडा ठेवून दार आतून लावून घेतलं होतं.

“काही पढवलं नाहीत ना?”

“छे हो,” ती म्हणाली. खेळाला कोण पढवणं म्हणतं?

आणि आता ही खोली. पंखा. पाण्याचे झाकलेले ग्लास.

“मी पुन्हा विचारतो. ही कोण?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने छातीवर हात घट्ट धरला होता. तो खुर्चीत ताठ झाला.

“ही माझी बायको.”

कंपनीचा वकील खाली बसला. “आणखी काही विचारायचं नाही.”

दोन डॉक्टरांचे दोन अहवाल होते, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. निवाडा करणाऱ्या साहेबांनी दोन्ही मिटले. “सततच्या देखरेखीची गरज दिसत नाही. लाभ बंद.”

बाहेर व्हरांड्यात येताच ती रडायला लागली. वकीलबाईंनी खांद्यावर हात ठेवला. “धीर धरा. अपील करू.”

“नको.” ती रडता रडता हसत होती. “ओळखलं हो त्यांनी मला. आता कंपनी गेली खड्ड्यात. एक वेळ जेवू, पण ओळखलं!”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या कागद आवरायला आत गेल्या.

रिकाम्या व्हरांड्यात तिने त्याचा हात धरला. त्याने तो संकोचून, हळूच सोडवून घेतला आणि खिशातून अर्धं बिस्कीट काढलं.

“ताई, तुम्ही सांगितलं तसंच बोललो ना? मग आता तरी माझ्या बायकोला बोलवा. हे तिच्यासाठी ठेवलंय.”