डोकावलेलं आवडत नाही

"नव्या घरी दार लावलं की कुणी डोकावायचं नाव नको," असं परुळेकरबाई महिनाभर चाळीत सांगत होत्या. उपनगरातल्या फ्लॅटचं हेच तर त्यांना आवडलं होतं.

सामान बांधायच्या दिवशी मात्र कुणीच फिरकलं नाही. बाईंनी दार सताड उघडलं, दोनदा खोकल्या, शेवटी मुद्दाम पातेलं आपटलं. शेजारची दारं बंदच.

तणतणत त्या धामणकरवहिनींच्या दारात गेल्या. "माणूस मेलं की जगलं, बघाल की नाही?"

आतून वहिनींचा आवाज आला, "तुम्हाला आवडत नाही ना डोकावलेलं!"

"म्हणून लगेच ऐकायचं?" बाईंनी दारावर थाप मारली.

दार उघडलं. सगळ्या शेजारणी त्यांच्या निरोपासाठी पुऱ्या लाटत बसल्या होत्या. बाईंनी डोळे पुसले, एक पुरी उचलली आणि म्हणाल्या, "एवढी जाड?"