रक्तातली वाटणी

डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि धाकट्याकडे जरा कुतूहलाने पाहिलं.

"तुम्हालाही हीच रक्तातून पसरणारी कावीळ होऊन गेलीय," त्या म्हणाल्या. "लहानपणीच कधीतरी. पण तुमच्या शरीराने ती आपली आपण निपटून काढली."

धाकट्याला काहीच आठवेना. आईला आठवलं. दोघं पोरं एकदमच तापाने फणफणली होती आणि कंपाउंडरने एकाच सुईने दोघांना टोचलं होतं. आधी थोरल्याला, मग धाकट्याला. आधी थोरला, हे घरात ठरलेलंच होतं. दुधावरची साय थोरल्याला, नवा शर्ट थोरल्याला, कॉलेज थोरल्याला. धाकटा सातवीतून उठून बेकरीच्या भट्टीवर गेला तो अजून तिथेच होता.

आता थोरला हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर पडून होता. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी, हातापायांच्या काटक्या. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, तरी यकृताचा पार दगड झाला होता.

रोग एक, सुई एक, मग हा असा धडधाकट आणि तो तसा का, असं आईने विचारलं. बाईंनी शांतपणे समजावलं. हे माणूस जन्मतःच घेऊन येतो, अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. कुणाच्या वाट्याला असं जनुक येतं, की शरीर त्या विषाणूला ओळखून हाकलून लावतं. कुणाच्या वाट्याला ते येत नाही, मग तो आत ठाण मांडून बसतो आणि वर्षानुवर्षं पोखरत राहतो. सख्ख्या भावांतही असा फरक पडतो. यांना बहुतेक चांगलं मिळालं, त्यांना नाही. यात कुणाचा दोष नाही.

धाकट्याला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. घरातली चांगली वस्तू पहिल्यांदाच त्याच्या पानात पडली होती.

आईने ते हसू पाहिलं. मग ती बाईंकडे वळली.

"याचं काढून त्याला घालता येईल का?"

जनुक काढता येत नाही, बाई म्हणाल्या, पण यकृताचा तुकडा देता येतो. रक्तगट जुळतोय, आणि देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं. मात्र ऑपरेशन मोठं आहे. धडधाकट माणूस टेबलावरून उठला नाही, असंही क्वचित झालंय. म्हणून हे यांनी एकट्याने, आपल्या मनाने ठरवायचं. दुसऱ्या कुणी भरीस घालायचं नाही. एवढं बोलून त्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

"तो देईल," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर धाकट्याने तिला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः उभाच राहिला. द्यायचं त्याने आत बसल्या बसल्याच ठरवलं होतं. भाऊच होता तो, कितीही झालं तरी. पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, आणि त्याला भीती वाटत होती. आईनेही जरासं घाबरावं, एकदा पाठीवरून हात फिरवावा, एवढंच त्याला हवं होतं.

"आई," तो म्हणाला, "मला काही झालं तर?"

आई थोरल्याच्या टॉवेलची घडी घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तुला काय होतंय?" ती म्हणाली. "चांगलं ते सगळं तूच ओरबाडून घेऊन आलास."