नारळाच्या वड्या

वल्लरीने डबा टेबलावर ठेवला, तसा शोभाताईंनी तो तिच्याकडे परत सरकवला.

"काकू, अहो गरम आहे. ज्वारीची भाकरी, दुधी, मुगाचं वरण. मीठसुद्धा बेताचं."

"माझ्या वड्या कुठे गेल्या?"

वल्लरीचा चेहरा खर्रकन उतरला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन सकस जेवण आणि तासभर सोबत देणाऱ्या मंडळाची ही मुलगी.

गेल्या खेपेला शोभाताईंनी तिचा डबा धुऊन पुसून त्यात नारळाच्या वड्या घातल्या होत्या. नारळ खवताना खांदा असा धरला, की विचारू नका! आणि गॅलरीतून बघतात तो काय, करंजाड्याच्या त्यांच्या सोसायटीच्या चकचकीत गेटपाशी ही बया डबा कचऱ्याच्या पेटीत उपडा करतेय. त्याआधीचं कैरीचं लोणचं, गवती चहाची जुडी, सगळं तिथंच गेलं असणार. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता त्यांच्या.

"काकू, नियम आहे. सीनियर्सकडून काही घ्यायचं नाही. ग्रुपवर बजावून सांगितलंय."

"मग तोंडावर नको म्हणायचं होतंस! 'अय्या, मस्त' म्हणत घेऊन गेलीस ती?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वा गं वा! आता फार बरं वाटतंय, नाही?"

"सॉरी, काकू. तुम्ही जेवून घ्या ना. मी बसते समोर."

"तेच तर! तू समोर बसून बघतेस आणि मी गिळते. देवळाच्या पायरीवर बसल्यासारखी." शोभाताईंनी मांडणीतली दोन ताटं काढली, आदळलीच. "यातलंच अर्धं तू घे. जेव माझ्याबरोबर."

"नाही चालत, काकू. खरंच."

या पोरीशिवाय त्यांच्या दाराची बेल वाजवणारं कुणी नव्हतं. ही गेली की भिंतींशी बोलायचं, हे शोभाताईंना पक्कं ठाऊक होतं. वरणाच्या फोडणीचा वास नाकात शिरला आणि भूकही खवळली मेली.

त्यांनी डब्याच्या कड्या चाचपून पाहिल्या. घट्ट होत्या. डबा पदराने पुसला आणि वल्लरीच्या हातात दिला. आला तसाच, गरम, काठोकाठ भरलेला.

"घेऊन जा. रिकामा डबा परत करायची आमच्यात पद्धत नाही."