गुडघ्याची चुगली

“नसा सावरल्यात, काकू. आता पाय तुम्ही उचलायचे,” असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. घरातली थोरली सून म्हणून सगळे जिला थोरली म्हणत, तिच्या ते पक्कं लक्षात होतं. तरी ती पलंगाच्या कडेला पाय सोडून ढिम्म बसली होती.

“नाहीच उचलवत हो,” ती कण्हली.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. “मागच्या आठवड्यात तर धरून चाललात! असं बसून राहिलात तर सांधे आखडतील. मग नसा बऱ्या होऊन उपयोग काय?”

समोरच्या स्टुलावर थोरलीचे यजमान गार झालेल्या चहाचा कप धरून बसले होते. तिला उचलून न्हाणीघरात नेता-आणता त्यांची कंबर धरली होती. “आजार उलटला असेल का हो?” त्यांचा आवाज बारीक झाला. “पोट बिघडल्याचं निमित्त. जंतू गेले निघून, आणि हिच्याच शरीराने हिच्याच नसा झोडपल्या. भांडण बाहेरच्याशी, मार घरच्यांना! आमच्या घरात पद्धतच आहे ती. परत दवाखान्यात न्यायचं का? बॅग भरतो.”

“थांबा. उलटला असेल तर गुडघा गप्प राहील,” म्हणत बाईंनी पिशवीतून रबरी हातोडी काढली आणि गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारली.

पाय असा उडाला की यजमानांच्या हातातला कप थेट त्यांच्या शर्टावर पालथा झाला. थोरलीने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. घरच्याच माणसाने चुगली करावी, तसं.

“आता दुसरा,” बाई म्हणाल्या. यजमान स्टुलासकट मागे सरकले.

दुसराही उडाला.

“अगं, तू तर लाथा झाडतेस!” यजमानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मग चालत का नाहीस?”

थोरली चादरीचं टोक पिळत राहिली. “चालायला लागले तर जावं लागेल.”

“कुठे?”

तिने छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर तिची धाकटी जाऊ राहत होती. दोघींचं बोलणं कधीच बंद झालं होतं. कशावरून, ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं.

“घशात नळी होती तेव्हा देवाला शब्द दिला. पाय परत दिलेस तर पहिली तिच्याकडे जाईन. तिच्या हातचा चहा घेईन आणि छान झालाय म्हणेन.”

“तिचा चहा?” यजमान हादरले. “दुसरं काहीतरी कबूल करायचंस!”

“तेव्हा जीव कोंडला होता हो. निवडत बसायला सवड होती का?”

“पण मनातल्या मनातच म्हणालीस ना? कोणी ऐकलंय?”

“ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं. पाय दिले ना त्याने?”

यजमानांनी अंगाला चिकटलेला ओला शर्ट झटकला. बाईंना निरोप देऊन ते शर्ट बदलायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर पलंग रिकामा.

थोरली जिन्यात होती. दोन्ही हातांनी कठडा धरून ती एकेका पायरीवर आधी एक पाय ठेवी, मग दुसरा शेजारी आणून उभा करी. यजमान तिच्या मागे एक पायरी खाली उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे धरले.

ती पुटपुटत होती. “छान झालाय हं चहा.” छे. पुढची पायरी. “चहा छान झालाय गं.” अंहं. ती थांबली, दम घेतला, पाय उचलला आणि पुन्हा, जरा हळू आवाजात, म्हणून पाहिलं.